सेव्हिल बघायचं कशातून? टुकटुक, ई-सायकल, सेग्वे की आपले पाय

"रिक्षात बसवायला एवढं स्पेनला आणलंस होय?" बाबांनी विचारलं. तोवर आई आत जाऊन बसलीसुद्धा होती.

नदीकाठी, तोर्रे देल ओरो या बाराकोनी बुरुजाच्या अलीकडे, पांढऱ्या रंगाची विजेवर चालणारी तीनचाकी, म्हणजे टुकटुक, उभी होती. कापडी छत, समोरासमोर दोन बाकं, दाराच्या जागी नुसती साखळी. बाबांची सगळी नोकरी रिक्षा बनवणाऱ्या बजाजमध्ये, आकुर्डीत गेली, त्यामुळे तीनचाकीकडे ते परक्या नजरेने बघूच शकत नाहीत. पुढच्या मडगार्डवर थाप मारून त्यांनी चालकाला थेट विचारलं, "ॲव्हरेज किती?" मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. तो हसला आणि बॅटरीच्या आकड्याकडे बोट करून म्हणाला, "ही दिवसभर टिकते. जुलैत मी टिकत नाही."

मी सहा वर्षं माद्रिदला राहते. दर उन्हाळ्यात घरून कुणी ना कुणी येतं आणि प्रत्येकाच्या यादीत सेव्हिल असतंच. तिथले लोक सेबिया म्हणतात. माद्रिदहून एव्हीई या वेगवान गाडीने अडीच तास लागतात. 1992 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सुरू झालेला हा स्पेनमधला पहिला असा लोहमार्ग. त्यामुळे पाहुण्यांना नेऊन आणायला सोपं पडतं. आतापर्यंत माझ्या चार खेपा झाल्या: आई-बाबांबरोबर, मावसभाऊ आणि त्याच्या मित्रांबरोबर, नणंद आणि तिच्या नऊ वर्षांच्या लेकीबरोबर, आणि एकदा एकटीची. दर वेळी वाहन निराळं. आणि निघण्याआधी फोनवर ठरलेला प्रश्न: "तिथे त्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या असतात ना, त्यातली कुठली घ्यायची?" दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी गावाचा नकाशा

सेव्हिल सपाट आहे. चढ म्हणून नाही. तेव्हा "चढावर दम लागेल म्हणून गाडी हवी" हे कारण इथे लागूच होत नाही. गाडी लागते ती दोन गोष्टींसाठी: ऊन आणि गुडघे.

दुसरं म्हणजे, जे बघायला जगभरातून लोक येतात ते सगळं एका मुठीत मावतं. कॅथेड्रल, त्याचा खिराल्दा मनोरा, अल्काझार राजवाडा आणि अर्चिवो दे इंदियास, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याचं 1785 मध्ये स्थापलेला दफ्तरखाना. तिन्ही इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, 1987 पासून युनेस्कोच्या यादीत एकत्रच. त्यांच्या पाठीमागे सांता क्रूझ, जुनी ज्यू वस्ती. तिथल्या काही गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. तिथे टुकटुक जात नाही, सेग्वेची, म्हणजे उभ्याने चालवायच्या दोनचाकी यंत्रांची, रांग शोभत नाही, सायकल हातात धरून ढकलावी लागते. या मुठीतल्या भागासाठी तुम्ही कितीही पैसे मोजा, शेवटी पायीच जायचंय.

वाहन कामाला येतं ते या मुठीच्या भोवती. कॅथेड्रलपासून प्लाझा दे एस्पान्या सव्वा किलोमीटरच्या आसपास, नदीपलीकडचं त्रियाना साधारण किलोमीटरभर, उत्तरेला लास सेतास ही लाकडी छत्री तेवढ्याच अंतरावर, आणि मकारेनाची जुनी तटबंदी त्याच्याही पुढे. यातलं एकेक अंतर काहीच नाही. पण सकाळी कॅथेड्रल आणि अल्काझार करून पायांचे तुकडे पडलेले असतात, त्यावर हे किलोमीटर चढवायचे म्हणजे शिक्षा होते. म्हणून कुठलंही वाहन भाड्याने घेताना मी एवढंच बघते: बाहेरचं हे कडं ते कसं फिरवतं, आणि आपल्यातल्या सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसाला ते झेपतं का.

टुकटुक

आई-बाबा, सासू-सासरे, मावशी-काका असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, टुकटुक घ्या. यात शिकण्यासारखं काही नसतं. बसायचं आणि बघायचं. बहुतेक गाड्यांत चार ते सहा माणसं बसतात आणि दर गाडीमागे असतो, माणसामागे नाही. सेग्वे, ई-सायकल यांचा हिशेब मात्र डोकी मोजून होतो. एकट्याने टुकटुक केली तर खिशाला चांगलीच चाट बसते. पाच जणांत वाटली तर तीच सगळ्यात स्वस्त पडते. जोडप्यांनी इथेच थांबून आकडेमोड करावी.

आमची फेरी दीड तासाची होती. बुरुजापासून निघून मायेस्त्रान्सा या बैलझुंजीच्या आखाड्यावरून, 1852 च्या लोखंडी पुलावरून त्रियानात. मग तिथल्या चिनी मातीच्या दुकानांपुढून परत, जुन्या तंबाखू कारखान्याला वळसा घालून (तिथे आता विद्यापीठ आहे) प्लाझा दे एस्पान्याला. विजेची गाडी असल्यामुळे इंजिनाचा आवाज नाही, आणि याचं महत्त्व मला बसल्यावरच कळलं. एरवी रिक्षात आपण ओरडून बोलतो. इथे आई हळू आवाजात प्रश्न विचारत होती. घंटा वाजली तर ती ऐकू येत होती, पुढच्या घोडागाडीच्या टापा ऐकू येत होत्या. फरसबंदीवरून मात्र गाडी चांगलीच हादरते. कंबरेचा त्रास असलेल्यांनी तोंड पुढच्या दिशेला येईल अशा बाकावर बसावं. उलट्या तोंडाचं बाक चाकाच्या अगदी डोक्यावर येतं.

प्लाझा दे एस्पान्या 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेझ या वास्तुकाराने उभारलं. अर्धवर्तुळाकार इमारत, पुढे कालवा, आणि भिंतीला लागून स्पेनच्या प्रांतांचे टाइल्सचे कोनाडे, अकारविल्हे लावलेले. गाडी आत जात नाही, बाहेर उतरवतात. आईने आधी माद्रिदचा कोनाडा शोधला, लेकीचं गाव म्हणून, आणि तिथल्या टाइल्सच्या बाकावर बसून पर्समधला चिवडा काढला. इथे आमची वीस मिनिटं गेली आणि चालक बिचारा बाहेर थांबला. टुकटुकची खरी किंमत मला त्या वीस मिनिटांत वसूल झाल्यासारखी वाटली, कारण गटाच्या सहलीत "चला, चला" असं सुरू झालं असतं.

तक्रारीची बाजूही सांगते. सगळं बाहेरून दिसतं. कानावर पडणाऱ्या माहितीची हमी नाही. ती चालकावर अवलंबून. आमचा चालक बेतिस या फुटबॉल क्लबचा भक्त निघाला. गावात दोन क्लब, सेव्हिया आणि बेतिस, आणि माणूस जन्मतःच एका बाजूचा. कॅथेड्रलबद्दल त्याने दोन वाक्यं सांगितली, बेतिसबद्दल वीस. बाबांना ते फारच आवडलं. मला नाही. वर अंदालुसियाची बोली शब्दाच्या शेवटचा स खाऊन टाकते, त्यामुळे माझं माद्रिदचं स्पॅनिशही अर्ध्यावर लटकत होतं. इतिहास ऐकायचा असेल तर आतल्या भागासाठी पायी चालणारा गाइड वेगळा घ्या, टुकटुककडून ती अपेक्षा ठेवू नका.

घोडागाडीशी तुलना, कारण ती होणारच

कॅथेड्रलसमोर पिवळ्या चाकांच्या घोडागाड्या ओळीने उभ्या असतात आणि फोटोत त्याच छान दिसतात. दर नगरपालिकेने ठरवून दिलेला असतो, तोही गाडीमागे. त्यामुळे खर्चाच्या बाबतीत टुकटुक आणि ही एकाच पंगतीतल्या. मार्गही बराचसा तोच. मारिया लुईसा बागेतल्या झाडांखालच्या रस्त्यावर घोडागाडीची मजा निर्विवाद जास्त आहे, खोटं कशाला बोला.

पण दुपारी चारच्या उन्हात तापलेल्या डांबरावर उभं राहिलेलं ते जनावर बघितलं की माझी हौस फिटते. आपल्याकडे मुंबईच्या व्हिक्टोरियांवर हाच वाद होऊन उच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि 2021 मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. स्पेनमध्येही मालागा शहराने 2025 मध्ये घोडागाड्या बंद केल्या. सेव्हिलमध्ये त्या अजून आहेत. मार्चमध्ये संध्याकाळी बसलात तर मी काही म्हणणार नाही. जुलैत बसलात तर म्हणेन.

ई-सायकल

माझं स्वतःचं मत विचाराल तर सेव्हिल बघण्याचं सगळ्यात चांगलं साधन हेच. पण "सगळ्यांसाठी" असं म्हणत नाही.

2006-07 च्या सुमारास या गावाने दीड-दोन वर्षांत 80 किलोमीटरच्या आसपास सायकलमार्ग एका दमात बांधून काढले. तुकड्या-तुकड्यांनी नाही, एकमेकांना जोडलेलं सलग जाळं. आता ते 180 किलोमीटरच्या घरात आहे. हिरव्या रंगाचा पट्टा, दोन्ही दिशांना सायकली, मोटारींपासून वेगळा. पुण्यातले सायकल ट्रॅक ज्यांनी पाहिलेत, म्हणजे मध्येच विजेचा खांब, पुढे पाणीपुरीची गाडी आणि मग ट्रॅकच गायब, त्यांना इथे पहिल्या दहा मिनिटांत थोडं भरून येतं. पट्टा बऱ्याच ठिकाणी फुटपाथच्याच पातळीवर आहे, तेव्हा पर्यटक बेफिकीरपणे त्यावर येतात. घंटी वाजवायला लाजू नका.

युरोपात ई-सायकलची मोटर 250 वॅटची आणि ताशी 25 किलोमीटरनंतर तिची मदत बंद, असा नियम आहे. म्हणजे ती मोपेड नव्हे. पायडल मारावंच लागतं, पाठीवर कुणी हात ठेवून ढकलतंय असं वाटतं इतकंच. सपाट गावात त्या मोटरची गरज आहे का? नोव्हेंबर ते मार्च अजिबात नाही, साधी सायकल घ्या आणि पैसे वाचवा. मे-जूनमध्ये मात्र गरज आहे, कारण मोटरमुळे घाम येत नाही, आणि घाम आला नाही तर माणूस दुपारपर्यंत माणसात राहतो.

टुकटुक जिथे सहसा जात नाही तिथे ही नेते. मी एकटी गेले होते तेव्हा सकाळी आठला नदीकाठच्या पट्ट्याने निघाले. नदीचं नाव ग्वादलकिवीर, अरबी 'वादी अल-कबीर'वरून, म्हणजे मोठी नदी. पूल ओलांडून कार्तुखा बेटावर गेले. तिथे जुना मठ आहे, कोलंबसची अस्थी काही काळ इथे ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात त्याच मठात चिनी मातीचा कारखाना निघाला आणि त्याच्या बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या अजून उभ्या आहेत. आज तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. मठाच्या भिंतीमागे कारखान्याची धुराडी, आणि त्या सगळ्यात मी एकटी. कॅथेड्रलच्या रांगेतून सुटून आलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं. परत येताना अलामेदा दे हेर्कुलेस, 1574 पासूनची सार्वजनिक बाग, तिथे कॉफी आणि ऑलिव्ह तेल ओतलेला टोस्ट. चार तासांत हे सगळं झालं आणि पाय शाबूत.

नणंदेच्या लेकीसाठी लहान सायकल मिळाली, मोटर नसलेली. सोळा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, ते दुकानदाराकडून मागून घ्या. साडी नेसून चालवायची असेल तर आडवा दांडा नसलेली, खाली वाकलेल्या चौकटीची सायकल मागा. बहुतेक दुकानांत तीच असते. कुलूप दोन लावा. एक चाकाला, एक चौकटीला. आणि सायकल ही गोष्ट गेली दहा वर्षं हातात न धरलेल्या माणसाला, "अगं, कॉलेजला होतो तेव्हा रोज चालवायचो" असं म्हणणाऱ्या माणसाला, भर गर्दीत पहिल्यांदा बसवू नका. नदीकाठी मोकळ्या जागेत पाच मिनिटं चालवून बघू द्या. उत्साह तिथेच मावळला तर टुकटुक आहेच.

सेग्वे आणि स्कूटर

हे दोन एकत्र घेते, कारण दोन्हींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

सेग्वेचं मूळ दोन चाकी यंत्र 2001 मध्ये आलं, 2020 मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. आता सहलींमध्ये दिसतात ती एकतर जुनी किंवा तत्सम दुसरी. लोकांचा एक समज असतो की चालायचं नाही म्हणजे गुडघ्यांना सोयीचं. उलट आहे. दीड-दोन तास एकाच जागी, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं असतं. सवय नसेल तर पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. मूळ सेग्वेला स्वाराचं वजन साधारण 45 ते 118 किलोंमध्ये लागतं, त्यामुळे नऊ वर्षांची मुलगी आपोआप बाद. सुरुवातीचा वेळ शिकवण्यात जातो, आणि मग बदकाच्या पिल्लांसारखी रांग गाइडच्या मागे. मध्येच थांबून एखाद्या खिडकीतल्या जिरेनियमचा फोटो काढायचा म्हटलं तर मागचे सगळे अडतात. मावसभावाच्या मित्रांना मात्र जाम आवडलं. "काय काय बघितलं?" विचारल्यावर तिघांनी मिळून नदी आठवली.

ई-स्कूटरला, म्हणजे उभ्याने चालवायच्या पातिनेतेला, स्पेनमध्ये आता कायद्याची चांगलीच चौकट आहे. जानेवारी 2021 पासून फुटपाथवर चालवायला बंदी. वेग 25 च्या वर नाही. एका स्कूटरवर एकच माणूस. कानात इअरफोन नाही, हातात फोन नाही, आणि दारूची मर्यादा मोटार चालवणाऱ्याला आहे तशीच. सेग्वेही याच वर्गात मोडतो. लायसन्स लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की नियमही नाहीत. मावसभाऊ आणि त्याचा मित्र एकाच स्कूटरवर डबलसीट निघाले, आपल्या ॲक्टिव्हाच्या सवयीने, आणि दुसऱ्याच चौकात पोलिसाने बाजूला घेतलं. दंड जागेवर. त्यात ज्या दुकानातून भाड्याने घेतली होती त्याने कार्डावर अडकवलेली अनामत सुटायला तीन आठवडे लावले, आणि दर वेळी ईमेलचं उत्तर "प्रक्रिया सुरू आहे". माद्रिदने तर 2024 मध्ये भाड्याच्या स्कूटरवाल्यांचे परवानेच रद्द केले, रस्त्यातल्या पसाऱ्याला वैतागून. दोन ठिकाणांमधलं अंतर कापायला स्कूटर ठीक आहे. पर्यटनाला नाही, कारण लहान चाकं आणि दगडी फरशी म्हटल्यावर नजर सतत पुढच्या दोन मीटरवर ठेवावी लागते, आणि सेव्हिलमधलं बघण्यासारखं सगळं त्याच्या वर असतं.

दोन माणसांच्या छोट्या चारचाकी इलेक्ट्रिक गाड्या स्वतः चालवायलाही स्पेनच्या काही शहरांत मिळतात. रेनॉची ट्विझी ही त्यातली प्रसिद्ध, ती काही वर्षं स्पेनमध्येच वायादोलिदला बनायची. एकामागे एक अशी दोन सीटं. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. सेव्हिलच्या गाभ्यात वाहनांवर इतकी बंधनं आहेत की अनोळखी माणसाने स्टीअरिंग हातात घेण्यात शहाणपणा नाही. एवढंच.

आणि ज्याला कुणी पर्यटनाचं वाहन समजत नाही असं एक: ट्राम. कॅथेड्रलसमोरून जाते, आणि त्या पट्ट्यात तिच्या डोक्यावर तारा नाहीत. गाडीत वीज साठवलेली असते, थांब्यावर पुन्हा भरून घेते. साध्या तिकिटात कॅथेड्रलचा अख्खा दर्शनी भाग खिडकीतून सरकतो, एसी सुरू असतो, आणि पुढे उतरून थोडं चाललं की प्लाझा दे एस्पान्या. पैसे कमी असतील तर हीच तुमची टुकटुक.

कधी जाता त्यावर निम्मं ठरतं

सेव्हिलचा जुलै-ऑगस्ट हा विदर्भातल्या मे महिन्यासारखा समजा. पारा 40 च्या वर सहज. या गावाने 2022 मध्ये उन्हाच्या लाटेला वादळासारखं नाव दिलं, 'झोए'. जगात अशी नाव मिळालेली ती पहिली लाट. वर सांगितलेली सगळी वाहनं, ट्राम सोडून, उघडी आहेत. दुपारी तीनला टुकटुकमध्ये वारा येतो तो हेअर ड्रायरमधून येतो तसा. बाक तापलेलं, साखळी तापलेली, फोन "थंड होऊ द्या" म्हणून बंद. दुपारचं बुकिंग स्वस्त मिळालं तर ते स्वस्त का आहे हे समजून घ्या.

उन्हाळ्यात सकाळी साडेदहाच्या आत, नाहीतर संध्याकाळी आठनंतर. जूनअखेर सूर्य मावळतो तो पावणेदहाच्या सुमारास, त्यामुळे आठ म्हणजे तिथे लख्ख उजेड असतो. मधल्या वेळात जाड भिंतींच्या इमारती करा, किंवा सिएर्पेस रस्त्यावर ओढलेल्या पांढऱ्या कापडांच्या सावलीत फिरा, किंवा सरळ झोपा. गाव झोपलेलंच असतं.

मार्च हा माझा महिना. रस्त्याकडेच्या कडू संत्र्यांच्या झाडांना तेव्हा मोहर येतो. गावात अशी झाडं 40,000 च्या आसपास आहेत. उघड्या टुकटुकमध्ये तो वास असा अंगावर येतो की आईने आजूबाजूला मोगरा कुठे आहे म्हणून शोधलं. फळं दिसायला देखणी, तोंडात घातली तर कडू जहर. गळून पडलेल्या संत्र्यांपासून वायू आणि त्यातून वीज असाही प्रयोग तिथल्या पाणीपुरवठा कंपनीने 2021 मध्ये केला. बाबांनी लगेच हिशेब लावला की मग ही रिक्षा संत्र्यांवर चालते म्हणायची.

मात्र ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला की चाकं विसरा. मिरवणुकांमुळे रस्ते तासन्‌तास बंद असतात. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून ई-सायकल न्यायची कल्पना करा. तो आठवडा बघायचाच असेल तर पायी, आणि मिरवणुकीचा भाग होऊन.

पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी

दर गाडीचा की माणसाचा. मध्ये उतरायला मिळतं का, आणि किती वेळ. गाडी कुठून निघते. सांता क्रूझमधल्या हॉटेलच्या दारात कुणीही येऊ शकत नाही, तेव्हा "हॉटेलवरून घेऊ" असं सांगणारा जवळच्या मोठ्या रस्त्याबद्दल बोलत असतो. आणि "तिकिटासह" लिहिलं असेल तर कशाचं तिकीट. अल्काझारचं वेळ ठरलेलं तिकीट आधी स्वतः काढा आणि मग त्याभोवती गाडी बसवा. उलट केलंत तर दोन्ही फसतं. सेग्वे किंवा स्कूटर घेणार असाल तर आपल्या प्रवास विम्यात ती वाहनं धरली आहेत का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरांत ती वगळलेली असतात.

हे सगळं सेव्हिलचं. ग्रनादाला हाच हिशेब उलटतो. तिथे अल्बायसिनची टेकडी आहे, गोट्यांची फरसबंदी आहे, आणि अल्हाम्ब्रा या किल्ल्यातल्या राजवाड्याचं ते प्रसिद्ध दृश्य दिसतं सान निकोलासच्या चौकातून, म्हणजे वरून. तिथे सायकलचा मोह आवरा. छोट्या मिनीबस त्या गल्ल्यांतून वर जातात, त्या घ्या, किंवा टुकटुक. तोलेदोने तर टेकडी चढायला उघड्यावर सरकते जिनेच बसवलेत.

परत आई-बाबांच्या खेपेकडे. टुकटुक झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल. हा मनोरा, खिराल्दा, मूळचा मशिदीचा मिनार, 1198 मध्ये पुरा झालेला. घंटांचा मजला सोळाव्या शतकात वर चढवला. आत पायऱ्या नाहीत, 35 उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेले, असं सांगतात. अगदी शेवटी काय त्या थोड्या पायऱ्या. आई खाली संत्र्यांच्या चौकात बसली, बाबा आणि मी चढलो. प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा लिहिलेला. बाबा कुठेही न थांबता वर गेले, गाव बघितलं, नदी बघितली, कालची वाट बोटाने दाखवली. खाली आल्यावर आईने विचारलं, खूप चढ होता का हो?

"चढ कसला," बाबा म्हणाले, "रिक्षा गेली असती वर."